आतुराचे गुपित : कूटलेखन, ब्लॉकचेन आणि आपला केसपेपर

चरकसंहितेच्या विमानस्थानातील रोगभिषग्जितीय अध्यायात शिष्याला दीक्षा देताना आचार्य जे नियम सांगतात, त्यांत एक नियम असा आहे की, रुग्णाच्या घरी गेल्यावर तेथील जे काही वैद्याच्या पाहण्यात येईल ते त्याने बाहेर सांगू नये. आपल्यापैकी बहुतेकांनी हा नियम विद्यार्थिदशेत वाचला, परीक्षेत लिहिला आणि आपण तो पाळतोच आहोत अशा समजुतीत व्यवसायाला आरंभ केला. आम्हीही त्याच समजुतीत होतो. परंतु ‘बाहेर’ या शब्दाचा अर्थ दरम्यानच्या काळात किती बदलला आहे, याची जाणीव आम्हाला आमच्याच एका चुकीने करून दिली. प्रस्तुत लेखाचे निमित्त ती चूक हेच आहे.

परंदवडी हे मावळ तालुक्यातील सोमाटण्याजवळचे गाव. येथील आमच्या चिकित्सालयात एक दांपत्य अपत्यप्राप्तीसाठी चिकित्सा घेत असे. (रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काळ व काही तपशील आम्ही बदलले आहेत.) दोष पतीच्या बाजूचा होता. पावसाचे दिवस होते. त्यांना औषधासाठी दुसरी फेरी पडू नये, या हेतूने आम्ही चिठ्ठीचा फोटो मोबाईलवरून एका औषधालयाकडे पाठविला. सवयीप्रमाणे चिठ्ठीवर नाव, गाव, निदान आणि औषधे असे सर्व काही होते. औषधालयातील तो मोबाईल काउंटरवर ठेवलेला, तीन-चार जणांच्या हाताळणीतला. त्यांपैकी एक जण नेमका त्या कुटुंबाच्या भावकीतला निघाला. दोन दिवसांत गोष्ट गावभर झाली.

त्या गृहस्थांनी आम्हाला एका शब्दाने विचारले नाही. ते येईनासे झाले, इतकेच. काही दिवसांनी त्यांच्या पत्नी एकट्याच आल्या आणि त्यांनी केसपेपर परत मागितला. तो आम्ही दिला. मग त्यांनी विचारले, “वैद्यराज, तो फोटो आता कुठे कुठे आहे?” या प्रश्नाचे उत्तर आम्हाला देता आले नाही. आमच्या मोबाईलमध्ये होता, औषधालयाच्या मोबाईलमध्ये होता, दोन्हींच्या आपोआप निघणाऱ्या प्रतींमध्ये असण्याचा संभव होता, आणि त्या चार जणांपैकी कोणी पुढे पाठविला की नाही हे कळण्याचा काहीच मार्ग नव्हता. तो कोणी पाहिला, हेही सांगता येत नव्हते.

रुग्णाची माहिती कोण पाहू शकतो, कोणी पाहिली, आणि ती पुढे जाऊ द्यायची की नाही हे कोणी ठरवायचे, हे तीन प्रश्न त्या बाईंच्या एका प्रश्नात होते. कूटलेखन व ब्लॉकचेन या दोन तंत्रांविषयी अलीकडे पुष्कळ बोलले जाते. ती या तीन प्रश्नांची कितपत उत्तरे देतात, हे आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने तपासून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आपला केसपेपर अधिक नाजूक आहे

पॅथॉलॉजीच्या अहवालात आकडे असतात. वैद्याच्या केसपेपरात माणूस असतो. दशविध परीक्षेप्रमाणे प्रकृती, विकृती, सत्त्व, सात्म्य यांची नोंद करताना आपण रुग्णाची भूक, मलप्रवृत्ती, निद्रा, स्वप्ने, व्यसने, रजःप्रवृत्ती, दांपत्यजीवन, घरातील कलह, मनाचा धीर असे सर्व विचारतो. निदानपंचकातील हेतूचा शोध घेताना रुग्ण अशा गोष्टी सांगतो की ज्या त्याने घरातही सांगितलेल्या नसतात. म्हणून आपली नोंदवही दुसऱ्याच्या हाती पडली, तर एखाद्या रक्ततपासणीच्या कागदापेक्षा अधिक अनर्थ होऊ शकतो. नोंदी कागदावर असोत वा संगणकात, ही जबाबदारी आपल्याला अन्य कोणावर ढकलता येणार नाही.

केवळ झाकून ठेवणे हा उपाय नव्हे

मग कोणालाच काही न दाखविणे बरे, असे कोणास वाटेल. तसे करून चालत नाही. मावळातला रुग्ण एकाच वैद्याकडे राहत नाही. तो आपल्याकडे येतो, तळेगावात तपासण्या करतो, छातीत दुखले तर पिंपरी-चिंचवडला दाखल होतो, आणि पंचकर्मासाठी पुण्याला जातो. त्याचा वैद्यकीय इतिहास प्लास्टिकच्या पिशवीत असतो. त्या पिशवीत हृदयरोगतज्ज्ञाची चिठ्ठी नसेल, तर रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेतो आहे हे आपल्याला कळत नाही, आणि आपण गुग्गुळाचा कल्प निर्धास्तपणे लिहून मोकळे होतो. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना त्यावर आपला प्रमेहघ्न कल्प दिला, तर रक्तशर्करा अपेक्षेहून खाली जाण्याचा संभव ध्यानात ठेवावा लागतो. उलट बाजूनेही तेच. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाने विचारले तर ‘आयुर्वेदिक काहीतरी चालू आहे’ एवढेच उत्तर रुग्ण देतो.

तेव्हा माहिती योग्य हातात पोहोचलीच पाहिजे. प्रश्न आहे तो योग्य हाताचा आणि योग्य तेवढ्याच माहितीचा.

त्या प्लास्टिकच्या पिशवीचा एक गुण मात्र विसरू नये. ती रुग्णाच्या हातात असते, आणि तो दाखवील तेव्हाच ती उघडते. नव्या व्यवस्थेने पिशवीचे सर्व दोष घालवले आणि हा एक गुणही घालवला, तर तो सौदा तोट्याचा ठरेल.

उघड्यावर पडलेल्या नोंदी

आमची चूक लहान होती म्हणून गावापुरती राहिली. मोठ्या चुकाही घडल्या आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतील एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेचे हजारो अहवाल इंटरनेटवर कोणालाही उघडता येतील अशा स्थितीत आढळले. त्यांत एचआयव्ही तपासणीचेही अहवाल होते. फेब्रुवारी २०२० मध्ये जर्मनीतील ग्रीनबोन नेटवर्क्स या संस्थेच्या पाहणीचे निष्कर्ष वृत्तपत्रांत आले. एक्स-रे, सीटी स्कॅन आदी प्रतिमा साठविणारे रुग्णालयांचे संगणक इंटरनेटला जोडलेले होते, पण त्यांपैकी कित्येकांना साधा पासवर्डही नव्हता. भारतातील अशा सुमारे १२ कोटी प्रतिमा उघड्यावर होत्या, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता : तीन लाखांहून अधिक नोंदसंच आणि सुमारे सात कोटी प्रतिमा. येथे कोणी चोरी केली असे म्हणण्यासारखेही नाही, कारण दाराला कुलूपच नव्हते.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर झालेला हल्ला वेगळ्या प्रकारचा होता. हल्लेखोरांनी संस्थेच्याच नोंदी कुलूपबंद करून टाकल्या आणि जवळजवळ दोन आठवडे तेथील कामकाज कागदावर चालवावे लागले. म्हणजे नोंद गुप्त राहणे जितके आवश्यक, तितकेच ती बिघडू न देणे आणि हवी तेव्हा मिळणे हेही आवश्यक आहे.

कूटलेखन म्हणजे कुलूप

कूटलेखन, म्हणजे ज्याला एन्क्रिप्शन म्हणतात ते, मुळात सोपे आहे. लिहिलेला मजकूर एका गणिती किल्लीने असा विसकटून टाकायचा की किल्ली नसलेल्याला तो अक्षरांचा निरर्थक ढीग दिसावा. २००१ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने खुली स्पर्धा घेऊन निवडलेली एईएस ही पद्धती आज जगभर वापरली जाते. तिच्या २५६ बिटांच्या किल्लीच्या शक्यतांची संख्या ७८ अंकी आहे. एकेक किल्ली लावून पाहणे कोणत्याही संगणकाला शक्य नाही.

अडचण अशी की, किल्ली समोरच्याला पोहोचवायची कशी? १९७६ मध्ये व्हिटफिल्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी त्यावरचा मार्ग दाखविला. टपालपेटीचे उदाहरण घ्यावे. पेटीत पत्र कोणीही टाकू शकतो, पण पेटी उघडण्याची किल्ली केवळ टपाल खात्याजवळ असते. त्याचप्रमाणे प्रत्येकाजवळ किल्ल्यांची जोडी असते. एक जगाला सांगायची, दुसरी स्वतःजवळ ठेवायची. तळेगावच्या प्रयोगशाळेने रुग्णाचा अहवाल आमच्या जाहीर किल्लीने बंद केला, तर तो केवळ आमच्या खासगी किल्लीनेच उघडेल. वाटेत कोणाच्या हाती लागला तरी त्याला तो वाचता येणार नाही.

येथे आमच्या चुकीकडे पुन्हा एकदा पाहावे लागते. ज्या माध्यमातून आम्ही चिठ्ठीचा फोटो पाठविला, त्यात कूटलेखन होतेच. वाटेत कोणीही तो वाचला नाही. कुलूप फुटले नव्हते. ते काउंटरवर, चार जणांसमोर, रीतसर उघडले गेले. कूटलेखन वाटेवरचे रक्षण करते, पण वाट संपल्यावर कागद कोणाच्या हातात पडतो याचे रक्षण ते करीत नाही.

ब्लॉकचेन म्हणजे फेरफाराची नोंदवही

जमिनीचे व्यवहार मावळात कोणाला नवे नाहीत. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, आपण पाहिलेली असते. प्रत्येक फेरफाराला क्रमांक असतो, आधीच्या नोंदीशी नाते असते, आणि चुकीची नोंद खोडून नाहीशी करीत नाहीत. नवी नोंद करून ती दुरुस्त करतात. आता कल्पना करावी की, या नोंदवहीची हुबेहूब प्रत एका चावडीत न ठेवता पन्नास चावड्यांत ठेवली आहे, आणि नवी नोंद सर्वांनी पडताळल्याखेरीज कोठेच चढत नाही. शिवाय प्रत्येक पानाच्या माथ्यावर आधीच्या पानाचा ठसा उमटलेला आहे. एका चावडीतले एखादे जुने पान कोणी गुपचूप बदलले, तर पुढच्या प्रत्येक पानावरील ठसा जुळेनासा होईल आणि बाकीच्या एकोणपन्नास प्रती त्याविरुद्ध साक्ष देतील. ब्लॉकचेनचे तत्त्व हेच.

यातील ‘ठसा’ म्हणजे संगणकाने काढलेली एक ठराविक लांबीची खूण. एसएचए-२५६ या प्रचलित पद्धतीत ती ६४ चिन्हांची असते. संपूर्ण केसपेपर दिला तरी ६४ चिन्हे, एक ओळ दिली तरी ६४. मजकुरात ‘वात’ऐवजी ‘पित्त’ एवढाच बदल केला तरी सगळा ठसा बदलतो. ठशावरून मजकूर उलगडता येत नाही. अंगठ्याच्या ठशावरून जसा माणसाचा चेहरा काढता येत नाही, तसेच हे.

ही कल्पना बिटकॉइनच्या आधीची आहे. १९९१ मध्ये स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा यांनी कागदपत्रांवर काळाची अशी साखळीबद्ध मोहर उठविण्याची पद्धत मांडली, आणि १९९५ पासून असे ठसे न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापले जाऊ लागले. लाखो घरांत गेलेले वर्तमानपत्र मागाहून बदलता येत नाही, हा त्यामागील साधा विचार. २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या निबंधाने तेच तत्त्व चलनाला लावले.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. ‘आमचे सॉफ्टवेअर ब्लॉकचेनवर आहे, म्हणून ते गुप्त आहे’ असे विक्रेते सांगतात. ब्लॉकचेन गुप्तता राखत नाही. पन्नास चावड्यांत जाणारी नोंदवही गुप्त कशी असेल? ती साक्ष राखते. गुप्तता कूटलेखनाने राखायची, साक्ष साखळीने राखायची, आणि संमती रुग्णाने द्यायची, अशी ही विभागणी आहे. म्हणून केसपेपर कधीही साखळीत ठेवू नये. तो कूटबद्ध करून दवाखान्यात वा रुग्णालयात ठेवावा. साखळीत फक्त त्याचा ठसा आणि तो कोणी, केव्हा, कोणाच्या परवानगीने उघडला याची नोंद जावी.

एस्टोनियात आणि एटापल्लीत

याच रीतीने चालणारी राष्ट्रीय व्यवस्था युरोपातील एस्टोनियात आहे. हा देश लहान, लोकसंख्या सुमारे १३ लाख. पिंपरी-चिंचवड शहराची लोकसंख्याच २०११ च्या जनगणनेत १७ लाखांवर होती. २००७ मध्ये त्या देशाच्या संगणकांवर मोठा हल्ला झाला. २००८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य माहिती प्रणाली सुरू झाली, आणि २०१६ मध्ये गार्डटाइम या कंपनीचे साखळीचे तंत्र आरोग्य नोंदींच्या रक्षणासाठी घेण्यात आले. नोंदी साखळीत नसतात, ठसे असतात. तेथील नागरिक आपल्या खात्यात जाऊन कोणत्या डॉक्टरने आपली नोंद केव्हा पाहिली हे वाचू शकतो आणि विनाकारण डोकावणाऱ्याला जाब विचारू शकतो. त्या बाईंच्या ‘कोणी पाहिला?’ या प्रश्नाचे उत्तर अशा व्यवस्थेत मिळते.

आपल्या राज्यातील जवळचे उदाहरण वैद्यकाचे नाही, पण तत्त्व तेच आहे. मार्च २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात ६५,००० जात प्रमाणपत्रे ब्लॉकचेनशी जोडण्याचे काम हाती घेण्यात आले. प्रमाणपत्र खरे की बनावट, हे त्यावरील क्यूआर कोडवरून कोणालाही पडताळता यावे, हा उद्देश. दुर्गम भागात हे करता आले, ही उमेद वाटण्यासारखी गोष्ट आहे. मात्र जात प्रमाणपत्र दाखविण्यासाठीच असते आणि केसपेपर झाकण्यासाठी, हा भेद विसरून चालणार नाही.

साखळीच्या मर्यादा

पहिली मर्यादा अशी की, खोटी नोंद साखळीत गेली तर ती खोटीच राहते, फक्त पक्की होते. नाडी न पाहता लिहिलेली नाडी कोणत्याही तंत्राने खरी होत नाही.

दुसरी मर्यादा पुसण्याची. रुग्णाने ‘माझी माहिती काढून टाका’ म्हटले तर साखळीतून ती काढता येत नाही. मजकूर बाहेर ठेवलेला असला तर त्याची किल्ली नष्ट करता येते. मग साखळीत केवळ निरुपयोगी ठसा उरतो. मजकूरच साखळीत घातला असेल तर हा मार्ग बंद होतो.

तिसरी मर्यादा सूक्ष्म आहे. ठशावरून मजकूर निघत नाही हे खरे. पण मजकूर लहान आणि ठरावीक स्वरूपाचा असेल तर अंदाजाने तो गाठता येतो. मोबाईल क्रमांक दहाच अंकी असतो. त्याचा नुसता ठसा ठेवला, तर संगणक सर्व संभाव्य क्रमांकांचे ठसे काढून जुळवू शकतो. म्हणून ठसा काढण्यापूर्वी त्यात एक यादृच्छिक गुप्त मजकूर मिसळतात. संगणकशास्त्रात त्याला चक्क ‘मीठ’ म्हणतात. तसेच, आत काय आहे हे कळले नाही तरी अमुक व्यक्ती अमुक तज्ज्ञाकडे चार वेळा गेली एवढी नोंदसुद्धा पुष्कळ बोलते. परंदवडीसारख्या गावात तर एवढे पुरते.

चौथा प्रश्न किल्ली हरविण्याचा. म्हाताऱ्या रुग्णाचा मोबाईल ओढ्यात पडला तर त्याचा इतिहास कायमचा कुलूपबंद व्हायचा काय? यावर १९७९ मध्ये आदि शमीर यांनी किल्लीचे भाग करण्याची रीत दिली. देवस्थानच्या दानपेटीला दोन कुलपे लावून किल्ल्या दोन विश्वस्तांकडे ठेवतात, तसे किल्लीचे तीन भाग करून कोणतेही दोन एकत्र आल्यावरच कुलूप उघडावे अशी योजना करता येते.

शेवटचा प्रश्न मालकीचा. साखळीच्या सर्व प्रती एकाच कंपनीच्या ताब्यात असतील, तर पन्नास चावड्या नावापुरत्याच, तलाठी एकच. साक्षीदार परस्परांहून स्वतंत्र असतील तरच साक्षीला अर्थ आहे.

आपल्या देशातील व्यवस्था

आयुष्मान भारत डिजिटल मिशन १५ ऑगस्ट २०२० रोजी सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रायोगिक स्वरूपात आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू झाले. रुग्णाला १४ अंकी आभा क्रमांक मिळतो. वैद्यांना व्यावसायिकांच्या नोंदवहीत, तर दवाखाने व औषधालयांना संस्थांच्या नोंदवहीत नाव दाखल करता येते. आयुर्वेद त्यात समाविष्ट आहे. या व्यवस्थेचा पाया ब्लॉकचेनवर नाही. नोंद जेथे निर्माण झाली तेथेच राहते, आणि रुग्णाने संमती दिल्यावर ती कूटबद्ध होऊन मागणाऱ्याकडे जाते. प्रत्येक देवाणघेवाणीसाठी दोन्ही बाजूंनी नवी तात्पुरती किल्ली तयार होते. संमतीपत्रात हेतू, कोणत्या प्रकारच्या नोंदी, कोणत्या काळातल्या आणि किती दिवसांपर्यंत, हे नमूद असते, आणि ती संमती मागे घेता येते. आमच्या मते या व्यवस्थेचे मर्म या संमतीपत्रात आहे.

माहिती पोहोचली तरी समोरच्याला समजली पाहिजे, हेही आहेच. त्यासाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘नमस्ते’ पोर्टलवर आयुर्वेदीय व्याधींच्या प्रमाणित संज्ञा व संकेतांक आहेत, आणि जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या व्याधिसंज्ञांचा स्वतंत्र विभाग आला. आपण लिहिलेला ‘आमवात’ दुसऱ्या रुग्णालयातही ओळखला जावा, याची ही पूर्वतयारी होय.

तथापि ग्रामीण भागात संमतीची एक अडचण आम्ही रोज पाहतो. घरात मोबाईल एक, तो मुलाचा किंवा सासऱ्यांचा. घरातील सर्वांची खाती त्याच क्रमांकावर. सुनेची नोंद पाहण्यासाठी येणारा ओटीपी सासऱ्यांच्या मोबाईलवर येतो. यंत्राच्या दृष्टीने संमती मिळाली. वास्तविक जिची नोंद आहे तिला कोणी विचारलेच नाही. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ या खोऱ्यांतील आतल्या गावांत ‘रेंज’ही मिळेलच असे नाही. म्हणून ओटीपी आला तरी वैद्याने रुग्णाला, विशेषतः स्त्रीला, एकांतात तोंडी विचारावे. हे काम कोणतेही यंत्र आपल्यासाठी करणार नाही.

कायदा काय सांगतो

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींच्या संमतीने झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी नियमांत अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. संगणकात वा मोबाईलमध्ये रुग्णाची माहिती ठेवणारा लहान दवाखानाही या कायद्याच्या दृष्टीने माहितीचा विश्वस्त ठरतो. माहिती फुटल्यास ती गोष्ट मंडळाला व संबंधित व्यक्तीला कळवावी लागते. सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवल्यास कमाल दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचण्याची सोय रुग्णाला मिळाली पाहिजे, म्हणजे मराठीत ती मागण्याचा त्याला हक्क आहे. वैद्यकीय आणीबाणीत संमतीवाचून माहिती वापरण्यास मुभा आहे, आणि ती योग्यच आहे.

आज काय करता येईल

साखळ्या उभ्या राहतील तेव्हा राहतील. आमच्या चुकीनंतर आम्ही आमच्या चिकित्सालयात काही नियम केले. वाचकांना उपयोगी पडतील म्हणून ते येथे देतो.

१. औषधालयाकडे जाणाऱ्या चिठ्ठीवर निदान लिहीत नाही. कल्प, मात्रा, अनुपान, काल व पथ्य एवढेच. निदान केसपेपरात राहते.

२. चिकित्सालयाचा मोबाईल वेगळा ठेवला आहे. तो कुलूपबंद असतो, फोटो आपोआप साठविणे बंद आहे, आणि घरातील मुलांच्या हाती तो जात नाही.

३. वैद्यांच्या गटांत रुग्णवृत्त मांडताना नाव, गाव, चेहरा व अहवालावरील क्रमांक झाकतो. लहान गावात व्यवसाय आणि वय एवढ्यावरूनही माणूस ओळखतात, म्हणून तेही बदलतो.

४. संगणकातील नोंदी कूटबद्ध आहेत. साहाय्यकाचा पासवर्ड वेगळा आहे, आणि त्याला भेटीची वेळ व शुल्क एवढेच दिसते. आठवड्यातून एकदा प्रत काढून ती डिस्क संगणकापासून वेगळी करून कपाटात ठेवतो.

५. सॉफ्टवेअर विक्रेत्याला चार प्रश्न विचारतो. नोंदी कोठे राहतात? किल्ली कोणाकडे असते? कोणी पाहिले याची नोंद मिळते काय? आम्ही सोडून गेलो तर आमच्या नोंदी वाचनीय स्वरूपात परत मिळतात काय? ‘ब्लॉकचेन आहे’ हे यांपैकी कशाचेही उत्तर नव्हे.

औषधालयांच्या मालकांना आमची विनंती आहे की, चिठ्ठ्या येणारा मोबाईल एका जबाबदार व्यक्तीकडेच ठेवावा. औषध दिल्यावर फोटो पुसावा. रुग्णाचे नाव आणि औषधाचा उपयोग काउंटरवर मोठ्याने उच्चारू नये. घरपोच पुडक्यावर औषधाचे नाव बाहेरून दिसू नये. कोणत्या रुग्णाला कोणते औषध दिले याच्या याद्या विक्रीवाढीसाठी मागितल्या गेल्या तर त्या देऊ नयेत. औषधाच्या दुष्परिणामाची माहिती औषधदक्षता केंद्राला अवश्य कळवावी. पण त्यासाठी रुग्णाचे नाव-गाव जगजाहीर करण्याची गरज नसते.

संघटनेच्या पातळीवरही एक गोष्ट करण्यासारखी आहे. मराठीतील एक सोपा, अर्ध्या पानाचा संमतीपत्राचा नमुना तयार करून तो सर्व सभासदांना द्यावा. माहिती कशासाठी, कोणाला, किती दिवस, आणि नको असल्यास कोणाला सांगायचे, एवढे त्यात असले तरी पुरे.

त्या बाईंच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आजही आमच्याजवळ नाही. आमच्या मोबाईलमधील फोटो आम्ही पुसला, औषधालयानेही पुसला असे सांगितले; जे गावाच्या तोंडी गेले ते मात्र कोणालाच पुसता आले नाही. पुढील रुग्णाने तोच प्रश्न विचारला, तर ‘आपली नोंद येथे आहे, अमुक जणांनी पाहिली आहे, आणि आपल्याला विचारल्याखेरीज ती पुढे जाणार नाही’ असे आम्हाला सांगता यावे, यासाठी हा सारा खटाटोप आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने आज सायंकाळी दवाखाना बंद करण्यापूर्वी आपला मोबाईल उघडून त्यात किती रुग्णांच्या चिठ्ठ्या पडून आहेत हे पाहावे. प्रारंभ तेथूनच करता येईल.